फौंड्रीमामा

फौंड्रीमामा कुठेही गेले की समोरची वस्तू बोटाने वाजवून बघायचे. चहाचा कप, खुर्चीचा पाय, नवी बादली, काहीही. मान थोडी कलती करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "बेस्ट हाय," नाहीतर, "बद्द हाय." आमच्या वर्गात पहिल्या दिवशी आले तेव्हा त्यांनी रेकॉर्डिंगच्या खोलीच्या भिंती अशाच वाजवत एक फेरी मारली. दाराशेजारी लाकडी फळ्या बसवल्या होत्या, तिथे थांबले आणि सरांना म्हणाले, "सर, हितला स्क्रू ढिला झालाय. तबला वाजला की ही फळी पण वाजत असंल." ती थरथर सर दोन महिने शोधत होते. आम्ही पाचजण विशी-बाविशीतली पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. हे सुतारकामाला आलेले नसून आमच्याबरोबर शिकायला आलेत, हे सरांनी ओळख करून दिल्यावर कळलं.

सरांचा वर्ग राजारामपुरीत त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर भरायचा. मुंबईत आयुष्यभर रेकॉर्डिस्ट म्हणून काम करून ते गावी परतले होते आणि शास्त्रीय संगीत कसं रेकॉर्ड करायचं, एवढंच शिकवायचे. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आले होते. मामा पंचावन्न वर्षांचे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, तीस वर्षं कास्टिंग, म्हणजे ओतलेले भाग, तपासायचं काम करून नुकतेच मोकळे झाले होते. गार झालेल्या कास्टिंगवर छोटी हातोडी मारायची आणि आवाजावरून आत तडा आहे की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. मशीनने तपासलेला माल परत आला, माझा आला न्हाय, असं ते सांगायचे. त्यात बढाई किती आणि खरं किती, ते आम्ही कधी विचारलं नाही.

गाण्याचा नाद त्यांना तरुणपणापासूनचा. गायला येत नव्हतं, वाजवायलाही नाही, पण जिल्ह्यातली मैफल चुकवायची नाही. रात्रपाळी बदलून घ्यायचे, सायकलवरून जायचे आणि पहिल्या रांगेत बसायचे. अशाच एका मैफलीत स्पीकरचा आवाज इतका मोठा ठेवला होता की गाणाऱ्याचा श्वास शिट्टीसारखा ऐकू येत होता. मामा उठून साउंडवाल्यापाशी गेले आणि आवाज कमी कर म्हणाले. तो म्हणाला, "काका, एवढं कळतंय तर तुम्हीच बसा की हितं." मामा परत जागेवर येऊन बसले. पुढे निवृत्तीचे कागद हातात पडले तसे ते थेट सरांच्या दारात उभे राहिले.

संगणक त्यांना जमायचा नाही. माउस धरला की तळहाताला घाम यायचा. पण माईक कुठे लावायचा, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आम्ही पुस्तकातली मापं बघून स्टँड उभे करायचो. मामा एक स्टूल घेऊन गाणाऱ्यासमोर बसायचे, डोळे मिटायचे, मग स्टूल वीतभर मागे, थोडं डावीकडे, परत पुढे. असं पाच-सहा वेळा झालं की म्हणायचे, "हितं. आता माझं डोकं जितं हाय, तितं माईक लाव." मग ते मान खाली घालून सरकायचे आणि आम्ही त्यांच्या डोक्याच्या जागी माईक आणायचो. सुरुवातीला आम्हाला हसू यायचं. महिन्याभरात आम्ही सगळेच स्टूल घेऊन फिरायला लागलो.

चौथ्या महिन्यात सरांनी आमच्या कानांची परीक्षा घेतली. स्पीकरवरून एकामागून एक बारीक होत जाणारे सूर लावायचे, ऐकू आला की हात वर करायचा. सर आमच्याकडे पाठ करून संगणकाशी बसले होते आणि मधूनच वळून बघायचे. सूर खूप वर गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मामा स्पीकरकडे बघतच नाहीत. ते माझ्या हाताकडे बघत होते. माझा हात वर गेला की पाठोपाठ त्यांचा. फौंड्रीतल्या तीस वर्षांनी वरचे सूर त्यांच्यापुरते संपवले होते. मी सरांना ते सांगितलं नाही. उलट, त्यांना नीट दिसावा म्हणून मी हात जरा उंच करायला लागले.

वर्षाच्या शेवटी दोघादोघांनी मिळून एक पूर्ण राग रेकॉर्ड करायचा होता. माझ्या जोडीला मामा आले. गायला यायच्या होत्या जयसिंगपूरच्या एक बाई. सत्तरी ओलांडलेल्या, शाळेत संगीत शिकवण्यात सगळी उमर गेलेली. गाणं थोर, पण त्यांचं एकही रेकॉर्डिंग कुठे नव्हतं. सरांच्या जुन्या ओळखीमुळे त्या कशाबशा तयार झाल्या होत्या. दुपारी तीनला मुलतानी गाईन म्हणाल्या. ऐनवेळी तानपुऱ्याला बसणारी मुलगी तापाने आजारी पडली. मला तानपुरा येत होता, म्हणून मशीन सुरू करून देऊन मी आत बसले आणि बाहेर आवाज तपासायला हेडफोन लावून एकटे मामा. परीक्षेचं काम म्हणून सर मुद्दामच घराबाहेर गेले होते. मामांचे कान कसे आहेत, हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. दोनदा अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात बाईंनी षड्ज लावला.

बाई चाळीस मिनिटं गायल्या. काचेपलीकडून मामांनी अंगठा वर केला. त्यांचे डोळे भरलेले होते. बाईंना गाडीत बसवून आल्यावर मी हेडफोन लावले, काढले आणि पुन्हा लावले. सबंध गाण्यावर एक बारीक कुरकुर होती. जिन्यातल्या नव्या दिव्याची वायर आणि आमचं मशीन एकाच बोर्डावर जोडलेलं होतं, तिथून ती आली होती. नेमकी ती तानपुऱ्याच्या जवारीत मिसळली होती, म्हणजे तारेतून जी झणकार उठते, तिच्यात. मी संध्याकाळपर्यंत ती पुसायचा प्रयत्न केला. कुरकुर काढली की जवारीही जायची आणि तानपुरा डब्यातून वाजल्यासारखा यायचा. मामा शेजारी बसून होते. त्यांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त माझा चेहरा दिसत होता. शेवटी त्यांनी स्वतःच विचारलं, "वर काय तरी ऱ्हायलंय न्हवं?" मी मान हलवली.

सरांना त्यांनी त्याच दिवशी सगळं सांगितलं. सर रागावले नाहीत. बाईंना आपण फोन करतो म्हणाले. मामांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने जयसिंगपूरला निघालो. हातकणंगले मागे पडल्यावर मी धीर करून म्हटलं की मामा, तुम्हाला वरचं ऐकू येत नाही हे मला परीक्षेपासून माहीत होतं, चूक माझीही आहे. ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "मला ठाऊक हुतं की. तू हात लई वर करत हुतीस."

बाईंनी आम्हाला बसवलं, सरबत दिलं. मामांनी पेल्याला हात लावला नाही. उभं राहूनच म्हणाले, "बाई, गाणं तुमचं सोन्यासारखं झालं, पण ते मी वाया घालवलं. माझं कान वरचं ऐकत न्हाईत. हे मी लपवून ठेवलं आणि खुर्चीत बसलो."

बाईंनी आपला पेला खाली ठेवला. मला वाटलं, आता आम्हाला जायला सांगणार. त्या म्हणाल्या, "माझा तार षड्ज गेला, वरचा सा लागेना, तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. घशाचं निमित्त करून दोन वर्षं मैफली टाळल्या. मग लोकांनी बोलावणंच सोडलं." मग मामांना म्हणाल्या, "बसा हो. सरबत घ्या. कालचं गाणं गेलं ते गेलं. येत्या गुरुवारी जे येईल ते गाईन. पण तुम्ही त्या काचेमागे नको. माझ्यासमोर बसा."

गुरुवारी मी हेडफोन लावून बाहेर बसले. तानपुऱ्याची मुलगी बरी होऊन आली होती. मामांनी स्टूल सरकवून माईकची जागा ठरवली आणि मला म्हणाले, "खालचं मी बघितलंय. वरचं तुझं." जिन्यातला दिवा बंद केला, बोर्ड बदलला आणि मी आधी पाच मिनिटं नुसती शांतता ऐकली. मामा माईकच्या मागे सतरंजीवर बसले होते. बाई गायला लागल्या. आदल्या वेळची द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदिश, जास्त चमकदार होती, हे मी आजही सांगेन. पण संथ लयीतलं विलंबित असं झालं की घड्याळाकडे बघायचं राहून गेलं. बाई समोरच्या त्या एका माणसाला गाणं सांगत होत्या. तो मान हलवायचा, तिथे त्या थांबून तीच जागा पुन्हा वेगळ्या अंगाने घ्यायच्या. मागच्या खेपेला तार षड्जापाशी त्या दरवेळी वळून माघारी आल्या होत्या. त्या दिवशी एकदा गेल्या. आवाज थरथरला, पण पोचला. सरांनी ते रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा शेवटपर्यंत एकाही बटणाला हात लावला नाही.

मामांनी पुढे मशीनवर बसायचा हट्ट धरला नाही. मी कोल्हापुरात काम सुरू केलं आणि पुढची पाच वर्षं माझ्या प्रत्येक रेकॉर्डिंगला ते आले. जागा ठरवायचे आणि कलाकारासमोर बसायचे. नवीन कलाकार अवघडलेला असला तर म्हणायचे, "या पावणं, माईककडं बघू नका, माझ्याकडं बघा." त्यांच्यासमोर लोक मोकळे व्हायचे. यात मशीनचं काही कौशल्य नव्हतं, तरी माझ्या कामाचं नाव झालं त्यातला निम्मा वाटा त्या सतरंजीवरच्या माणसाचा होता. ते कान माझ्यापाशी कायम राहतील, असं मी गृहीत धरून चालले होते.

मग त्यांचे गुडघे धरले. माझ्या स्टुडिओचा जिना चढणं होईना, तेव्हा ते बिद्रीजवळ आपल्या गावी भावाच्या शेजारी राहायला गेले. निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले, तर बांधाबांध चालली होती. मी आता कुणाला समोर बसवू, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तू बस की. मशीनवर दुसरं पोरगं बसव. मशीन काय, कुणालाबी येतंय."

मी तसंच करते. माझ्याकडे आता तीन मुलं शिकतात. हेडफोन त्यांच्याकडे देऊन मी आत जाते आणि सतरंजीवर बसते. पहिल्या काही वेळा हात रिकामे वाटले, आता वाटत नाहीत.

काम पुरं झालं की रेकॉर्डिंग मामांना फोनवर पाठवते. मामींना शास्त्रीय गाण्याचं कधी प्रेम नव्हतं. नवरा टीव्ही मोठ्याने लावतो एवढीच त्यांची तक्रार असायची. गेल्या महिन्यात एका सारंगीचं रेकॉर्डिंग पाठवलं, तर संध्याकाळी मामींचाच फोन आला. म्हणाल्या, "ह्यांनी दोनदा ऐकलं. खालचं बेस्ट हाय म्हणत्यात. वरचं मला ऐकाया बसवलं हुतं." मी विचारलं, मग कसं वाटलं वरचं? त्या म्हणाल्या, "चांगलं हाय की गं. कुटं काय कुरकुर न्हाय."