पुढच्या दारानं आलेली थेल्मा

थेल्मा ऑर्मरॉडनं मार्ल गल्लीतलं पहिलं दार ठोठावलं तेव्हा निम्मी गल्ली जागच्या जागी गार पडली होती. ऐकीव सांगत नाही, मी तिथंच होतो, खांद्यावर कोळशाचं पोतं घेऊन.

कोळसेवाल्याला आमच्या हॅगशॉ गावातली घरं मागून ओळखू येतात. पुढून मी कितीतरी घरं ओळखलीही नसती. आमच्याकडे येणंजाणं सगळं परसदारानं. दूधवाला, शेजारीण, जावई, माहेरी आलेली लेक, सगळे मागच्या बोळातून परसात आणि परसातून स्वयंपाकघरात. पुढची खोली झाडूनपुसून झाकून ठेवायची, पायरी घासून पांढरी करायची आणि दार लावून टाकायचं. ते उघडायचं लग्नाला, नाहीतर मयताची पेटी बाहेर काढायला. त्यामुळे पावसानं लाकूड फुगून ती दारं चौकटीत अशी घट्ट बसलेली असत की नवरीसुद्धा दोन पुरुषांनी धक्का मारल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात तर कडीच हातात आली होती, पण ते पुन्हा कधीतरी, नाहीतर थेल्मा राहायची बाजूला.

तर थेल्मा. खालची कापडगिरणी बंद पडली आणि मागावर उभं आयुष्य काढलेल्या बायका एका शुक्रवारी घरी बसल्या. कुणी शिवणकाम धरलं, कुणी लेकीकडे गेली. थेल्मा विधवा, मूलबाळ नाही, आवाज मात्र यंत्रांच्या खडखडाटात कमावलेला. गिरणीनं जाताना हातावर जे टेकवलं ते तिनं तसंच्या तसं अर्नेस्ट हॅलिवेलला नेऊन दिलं आणि त्याची घरोघरच्या खिडक्या पुसायची फेरी विकत घेतली. अर्नेस्टचे गुडघे गेले होते. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर तो देवाचं नाव घ्यायचा, तेही चांगल्या अर्थानं नाही.

फेरी काही हातात धरायची वस्तू नव्हे. गिऱ्हाईक ‘ये’ म्हणालं तर ती आहे, ‘नको’ म्हणालं तर उरते बादली, शिडी आणि पुसायचं कातडं. म्हणूनच आमच्याकडे रिवाज होता की विकणाऱ्यानं घेणाऱ्याला घेऊन घरोघरी फिरायचं, परसात उभं राहून म्हणायचं, “बाई, आजपासून माझ्या जागी हा.” एवढं झालं की त्या घराकडे दुसरा कुणी शिडी घेऊन फिरकत नसे.

पण अर्नेस्ट गुत्त्यात बसला आणि तिथं क्लिफर्ड डकवर्थ भेटला. क्लिफर्ड वरच्या आळीच्या खिडक्या करायचा आणि आमच्या गल्ल्यांवर त्याचा डोळा फार दिवसांचा.

“काय रे अर्नेस्ट,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “फेरी विकलीस म्हणे बाईमाणसाला? मग आम्ही सगळेच येतो शिडी धरायला. कामधंदा नसला तरी वर बघायला काय हरकत आहे?”

सगळे हसले. मीही हसलो असेन, नाही कशाला म्हणू? अर्नेस्टनं मात्र ग्लास अर्धा टाकला, टोपी घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं समुद्राकाठी लेकीकडे पळाला. थेल्माला निरोप नाही की काही नाही. आणि क्लिफर्ड सांगत सुटला, “अर्नेस्ट गेला. सोमवारपासून मीच येतो. परसाची कडी काढून ठेवा.”

थेल्माचे सगळे पैसे गेलेले, ओळख करून देणारा पळालेला, आणि मध्ये फक्त शनिवार-रविवार.

शनिवारी सकाळी ती मला मार्ल गल्लीच्या तोंडाशी भेटली. अंगात प्रार्थनेला जायचा काळा कोट, खाली पुरुषी विजार, खांद्यावर शिडी.

“कुठं निघालीस गं नटून?” मी विचारलं.

“ओळख करून द्यायला.”

“अर्नेस्टशिवाय?”

“का? माझं तोंड काय तो बसमधून घेऊन गेला?”

“तसं नाही गं. मग मागून तरी जा. मी आत्ताच कोळसा टाकलाय, परसं उघडीच आहेत सगळी.”

“मागून लपतछपत क्लिफर्डनं जावं,” ती म्हणाली. “मी फेरी विकत घेतलीय, चोरलेली नाही. मी पुढून जाणार.”

आता ही बाई याच गावची. तिच्या स्वतःच्या घराचं पुढचं दार शेवटचं उघडलं होतं ते नवऱ्याला न्यायला. पण माणूस एकदा हट्टाला पेटला की आपल्या घरातलंही त्याला आठवत नाही. ती तरातरा गेली आणि पहिल्याच दारावर, एन्टविसलबाईंच्या, मूठ आपटली. धाड, धाड, धाड.

गल्लीत आवाज घुमला. समोरच्या घरातला रेडिओ बंद झाला. वरच्या मजल्यावरचे पडदे हलले. भर सकाळी पुढच्या दारावर थाप म्हणजे पोलीस, आणि पोलीस म्हणजे कुणीतरी गेलं. त्यात एन्टविसलबाईंचा मुलगा रॉय बोटीवर कामाला. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं की परवापासून समुद्रात वादळ आहे.

आतून कडीशी झटापट ऐकू आली. दार हलेना. “थांबा! थांबा हो!” आतून एन्टविसलबाईंचा आवाज, पण तो त्यांचा वाटेना. थेल्मानं बाहेरून ओढलं, आतून बाईंनी खांदा लावला, आणि दार एकदम असं उघडलं की बाई पायरीवर बसत्या झाल्या. केसांत चाप, हाताला पीठ, तोंड पांढरंफटक.

“रॉय का?” त्या म्हणाल्या. “सांगून टाका. रॉय का?”

थेल्माच्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शिडी तिच्या खांद्यावरून घसरून दगडांवर आदळली.

“नाही हो! कुणी नाही! मी थेल्मा. खिडक्यांची.”

एन्टविसलबाई उठल्या आणि त्यांचा आवाज परत आला, होता त्याच्या दुप्पट. “खिडक्यांची? खिडक्यांची! अगं भवाने, माझं काळीज थांबलं असतं! कुणाच्या पुढच्या दारावर असं बडवतात का? परसदार काय गाडलंय?”

एव्हाना सगळी दारं उघडायला लागली होती. कुणी ढकलून, कुणी लाथ घालून. बाया पायऱ्यांवर येऊन उभ्या. शेजारच्या फ्लॉरी क्रॅब्ट्रीनं तर डोक्याला काळा रुमालही बांधला होता. तिची तयारी नेहमी आधीच.

“हीच का ती शिडीवरची?” फ्लॉरी म्हणाली. “क्लिफर्ड म्हणालाच होता, हिला काही कळत नाही.”

मला वाटलं, संपलं. आता ही शिडी उचलेल आणि घरी जाईल. मी असतो तर गेलो असतो.

थेल्मा हलली नाही. “एन्टविसलबाई, तुम्हाला घाबरवलं त्याची माफी मागते. हवं तर पाया पडून मागते. पण पुढून आले त्याची मागणार नाही.”

“मागणार नाहीस?”

“नाही. तो क्लिफर्ड तुम्हाला विचारायला आला होता का? का परसाच्या भिंतीवरून ओरडून गेला, कडी काढून ठेवा म्हणून?”

बाईंनी हातावरचं पीठ झटकलं.

“तुमच्या घराच्या काचा मी दर पंधरवड्याला बघणार. आत काय चाललंय ते मला दिसणार. तुम्ही कुठं बसून रडता, कुठं औषधाची बाटली लपवता, सगळं. असं माणूस कोण आहे ते तुम्ही आधी समोरासमोर बघायला नको? बघा. ही मी. चढताना विजार घालते. वरच्या काचांचे कोपरे सोडत नाही, अर्नेस्टकाका सोडायचे. आता नको म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हणा. पण निरोप धाडून नाही.”

“जीभ बघा हिची,” फ्लॉरी म्हणाली.

“गिरणीतली आहे,” थेल्मा म्हणाली. “तिथं हळू बोललेलं कुणाला ऐकूच जात नव्हतं.”

कुणीतरी खुदकन हसलं. एन्टविसलबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दार लावायला घेतलं, आणि ते लागेना. फुगलेलं लाकूड एकदा बाहेर आलं ते आत जायला तयार नाही. टेकडीवरचा वारा सरळ त्यांच्या पुढच्या खोलीत, चांगल्या पडद्यांवर. त्यांनी ढकललं, थेल्मानं ढकललं, मी पोतं टाकून खांदा लावला आणि दारावर माझा काळा पंजा उमटवला, त्याबद्दल मला वेगळ्या शिव्या मिळाल्या.

“बघतेस काय? आत ये,” बाई शेवटी थेल्मावर खेकसल्या. “आतून ओढ. आणि पाय पूस.”

दार लागलं. थेल्मा आतच राहिली. चहा झाला म्हणे, आणि रॉयचं शेवटचं पत्र वाचून दाखवणंही झालं. ती बाहेर आली परसदारानं, पण पुढच्या घराला पुन्हा वळसा घालून पुढूनच गेली. फरक एवढाच, की आता ती आधी दाराच्या टपालफटीशी वाकायची आणि आत ओरडायची, “कुणी गेलेलं नाही! थेल्मा ऑर्मरॉड, खिडक्यांची!” आणि मग थाप. संध्याकाळपर्यंत फेरीतल्या चारी गल्ल्यांत हाच पुकारा. पोरंटोरं आठवडाभर तेच ओरडत हिंडत होती.

सोमवारी क्लिफर्ड शीळ घालत मागच्या बोळात शिरला. पहिली कडी लावलेली. दुसरी लावलेली. त्यानं एन्टविसलबाईंच्या भिंतीवरून मान वर काढली.

“बाई, कडी राहिली वाटतं?”

“राहिली नाही, लावलीय. तू कोण?”

“मी कोण? अहो, मी क्लिफर्ड! तुम्ही मला लहानपणापासून ओळखता.”

“ओळखते म्हणूनच लावलीय,” बाई म्हणाल्या. “माझ्या खिडक्यांना माझं माणूस आहे.”

सगळ्यांनीच असं केलं असं नाही हं. फ्लॉरीनं त्याला आत घेतलं, आणि मरेपर्यंत तिच्या खिडक्या तोच करत होता. आणखीही काही घरं गेली. थेल्मा त्या घरांपुढून शिडी घेऊन जाताना मोठ्यानं “सुप्रभात” म्हणायची. इतक्या मोठ्यानं, की काचा हादराव्यात.

बुधवारी अर्नेस्ट परतला. लेकीनं सगळं वदवून घेतलं असणार त्याच्याकडून आणि वर झापलं असणार. चांगला सूट, चकचकीत बूट, टोपी हातात. थेल्मा एन्टविसलबाईंच्या वरच्या खिडकीशी होती.

“थेल्मा,” तो खालून म्हणाला, “चुकलंच माझं. चल, आता घरोघर नेतो तुला. रिवाजाप्रमाणे.”

तिनं कातडं पिळलं. पाण्याचे थेंब त्याच्या बुटांवर पडले; मुद्दाम का ते मला माहीत नाही, मी बोळात होतो.

“काही गरज नाही, अर्नेस्टकाका.”

“असं कसं? लोकांना सांगायला हवं ना...”

तेवढ्यात परसदारात एन्टविसलबाई आल्या. थेल्मा शिडीच्या वरच्या पायरीवरून वळली आणि हात पुढे करून म्हणाली, “एन्टविसलबाई, हे अर्नेस्ट हॅलिवेल. माझ्या आधी इथलं काम हे करायचे. माणूस तसा चांगला आहे.”

एन्टविसलबाईंनी अर्नेस्टला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

“असं होय,” त्या म्हणाल्या. “या मग, चहा घ्या. पण कोपरे सोडायचात तुम्ही.”