तीन ओढे आणि माझी लाल रेघ

गेल्या रविवारी सकाळी आठ वाजता मी कुरवंड्याच्या वरच्या अंगाला, एका कोरड्या ओढ्यात कुदळ घेऊन उभी होते. वाडीचं नाव लिहीत नाही... माझ्यामुळे एकदा पुरेसं झालंय.

मी भूशास्त्राची विद्यार्थिनी. जमीन उचलली गेली की नद्या-ओढे काय करतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय. जमीन एखाद्या रेषेवर तुटून एक बाजू वर सरकली, की त्या रेषेला भ्रंश म्हणतात. तिच्यावरून वाहणाऱ्या ओढ्याच्या तळाला तिथे पायरी पडते. शेजारशेजारच्या ओढ्यांत अशा पायऱ्या एका ओळीत दिसल्या, तर संशय घ्यायचा.

गेल्या वर्षी या वाडीजवळच्या तीन ओढ्यांत मला त्या सापडल्या... तिन्ही साधारण दीड मीटरच्या, एका ओळीत. मी नकाशावर लाल रेघ मारली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'संभाव्य भ्रंश, तपासणी बाकी'.

एका कार्यक्रमात ती स्लाईड दाखवली. कुणीतरी फोटो काढला आणि तो फिरत फिरत गावच्या ग्रुपवर गेला. त्यात रेघ स्पष्ट दिसत होती, अक्षरं नाही. आणि रेघ गेली होती वाडीतल्या चंद्रामावशींच्या नव्या घरकुलाच्या जोत्यावरून.

जमीन फाटणार म्हणून गवंडी त्याच आठवड्यात काम सोडून गेला. दुसरीकडे बांधायला मावशींकडे जागा नाही. त्या, त्यांचा नवरा आणि सासरे, म्हणजे आबा, अख्खा पावसाळा पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. मला हे गेल्या महिन्यात कळलं... मावशींचा फोन आला तेव्हा. "ताई, बांधू का नको, येवढंच सांगा. आमी थांबलोय."

ते खणून बघितल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. म्हणून रविवारी कुदळ.

मधल्या ओढ्याची पायरी खणायला घेतली. भ्रंश असेल तर आत तुटलेला कातळ दिसायला हवा. मावशी काठावर बसून बघत होत्या, आबा काठीवर हनुवटी टेकून उभे. अर्ध्या तासात गाळ सरला आणि दगड लागले... रचलेले. मोठ्या दगडांच्या फटींत चिपा ठोकून बसवलेल्या.

"हाणू नगंस," आबा वरून ओरडले. "ढासळंल. माझ्या बापानं घातलेली ताल हाय ती."

"ताल?"

"मंग? ओढ्यात आडवी दगडं रचायची. पावसाचा गाळ आडतो, चार-पाच सालात मागं भाताचं खाचर व्हतं. हितं डोंगरात सपाट जागा कोन देतंय?"

"तिन्ही ओढ्यांत?"

"व्हय. एका पातळीत घातल्यात, म्हंजी ह्याचं पानी पाटानं त्याच्यात नेता येतं."

एका पातळीत... मी नकाशा उघडला. माझी रेघ डोंगराच्या पोटाला धरून, समान उंचीवरून वळत गेली होती. भ्रंशाला उंचीशी काही देणंघेणं नसतं, तो चढ-उतार कापत जातो, हे पहिल्या वर्षात शिकवतात.

"आबा, गेल्या वर्षीच का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस कुटं? जमीन हालती का, इचारलंस. न्हाई म्हनलो. मंग दिसभर त्या तिपाईवरच्या डब्याशीच बोलत व्हतीस."

डबा म्हणजे माझं मोजणीचं यंत्र. मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसले नाही... आबांचं बरोबर होतं.

तरी तेवढ्यावर 'बांधा' म्हणणं मला जमेना. ताल माणसाने घातली म्हणून खाली भ्रंश नाही असं सिद्ध होत नाही. इथे ओढ्यांच्या उभ्या काठांत, लाव्हाच्या दोन थरांमध्ये, विटेच्या रंगाचा मातीचा एक पट्टा उघडा पडलाय. जमीन सरकली असती तर तो पट्टाही तुटून वर-खाली झाला असता.

पायरीच्या खालून वरपर्यंत, तिन्ही ओढ्यांत, पाच-पाच पावलांवर त्याची उंची मोजत गेले. दुपारचे तीन वाजले. पट्टा कुठेही तुटलेला नव्हता. परत एकदा मोजलं, आणि मग मावशींना म्हटलं, "बांधा."

खरं सांगायचं तर भ्रंश सापडला असता, तर माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहिलं असतं. ते आता गेलं. तरी ओढ्यातून वर चढताना लक्षात आलं, की महिन्याभरात पहिल्यांदाच मी नीट श्वास घेत होते.

तिथेच कागदावर लिहून सही केली, की माझी रेघ चुकीची होती आणि जमीन सरकल्याची खूण सापडली नाही. त्या कागदाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकायला दिला. मावशींनी तो मजकूर माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, मग गवंड्याला फोन लावला. "उंद्या या. न्हाई वो, काय फाटत न्हाई. म्याडम हितंच हायेत, देऊ का फोन?"

दिला. गवंड्याने मला पंधरा मिनिटं प्रश्न विचारले... मी सगळ्यांची उत्तरं दिली.

मावशी मला एका शब्दानेही लागेल असं बोलल्या नाहीत. रेघ मारणारीला काहीतरी माहीत असणार, असं धरून त्या शेडमध्ये थांबल्या होत्या. इतक्या विश्वासाबद्दल आभार कसे मानायचे, ते मला तिथे उभं राहून सुचलं नाही... म्हणून इथे लिहिलं.