कोकरांनी दिलेली साक्ष

विट्याच्या पुढे भरणाऱ्या एका आठवडी बाजारातील ती दुपार मी आजही विसरलेलो नाही. नोकरीत मी शेकडो साक्षी नोंदवल्या. त्या दुपारच्या साक्षीदारांना मात्र बोलता येत नव्हते, आणि तरीही पुरावा कशाला म्हणावे, हे मला त्यांनीच शिकवले.

नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते. सातारा जिल्ह्यात, म्हसवडच्या बाजूला, एका ठाण्यात मी फौजदार होतो. वडील प्राथमिक शाळेत गणित शिकवीत. त्यामुळे प्रत्येक गोष्ट क्रमाने कागदावर मांडण्याची सवय मला लहानपणापासूनच होती आणि तिचा थोडा अभिमानही होता.

एका दुपारी चाळिशीची एक धनगर बाई फिर्याद घेऊन आली. तिचा नवरा मोठा कळप घेऊन कराडकडे, उसाच्या पट्ट्यात चाऱ्यासाठी गेला होता. सोळा मेंढ्या नुकत्याच व्यालेल्या, म्हणून त्या आणि त्यांची सोळा कोकरे घेऊन ती मागे राहिली होती. कोकरे लहान असली की धनगर त्यांना वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात ठेवतात आणि मेंढ्या जवळपास चरायला सोडतात. बाई पाण्याला विहिरीवर गेली. परत आली तेव्हा कोकरे वाघरीत होती, मेंढ्या नव्हत्या.

मी जागेवर जाऊन पंचनामा केला. मेंढ्यांच्या पाठीवर हिरव्या रंगाचा पट्टा होता, ही ओळखीची खूण नोंदवली. ठाण्यात परतलो, तोच नेहमीच्या खबऱ्याने बातमी आणली : ओढ्यापलीकडे पाल ठोकून राहणारा एक माणूस ऐन दुपारी त्या वाटेने जाताना दिसला होता.

आमच्या हवालदारांनी माहीतगार गुन्हेगारांची नोंदवही माझ्यापुढे उघडून ठेवली. त्या माणसाचे नाव तिच्यात होते. त्याच्या वडिलांचेही होते.

"साहेब, बापापासनं चालत आलेलं दुकान आहे हे," हवालदार म्हणाले. "आपण कशाला डोकं शिणवायचं?"

संध्याकाळी त्याला अटक झाली. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने तीन दिवसांची पोलीस कोठडी दिली.

मारहाण हा तपास नव्हे, असे मी मानत असे. एकच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारायचा आणि उत्तरे पडताळायची, ही माझी पद्धत. पण या गृहस्थाची उत्तरे बदलतच नव्हती.

"त्या वाटेनं गेला होतास?"

"गेलो व्हतो सायेब. तितरांच्या मागं."

"मेंढ्या कुठे आहेत?"

"मला काय ठावं? जागा दावा मला. कुनीकडं गेल्या ते सांगतो."

हवालदार हसले. "ऐका. चोरीबी हाच करणार आणि वाटबी हाच दाखवणार. पगार आमाला कशाला मग?"

"तुमाला वाट घावली असती तर मी कशाला बोललो असतो, हवालदारसायेब?" तो शांतपणे म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "गावानं सांगितलंय, माझ्यावर चोरी लागली तर समदी पालं उठवायची. सात घरं हायती. मानसं कुठं जात्याल?"

मी केस डायरीत लिहिले : 'आरोपी उडवाउडवीची उत्तरे देतो.'

पुढच्या सकाळी फिर्यादी बाई ठाण्यात आली. शेळीचे दूध पाजूनही दोन कोकरे मेली होती. कोठडीच्या गजांसमोर उभी राहून तिने त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ठाणे अंमलदाराने तिला कशीबशी बाहेर नेले.

तिचा पुरवणी जबाब लिहिण्यासाठी मी कागद काढले आणि आधीची सगळी पाने वाचली. वडील वर्गात मुलांचे उत्तर तपासताना बरोबर की चूक हे आधी सांगत नसत. ते विचारत, "कशावरून?" मी स्वतःला तोच प्रश्न विचारला. माझ्या कागदांतून नोंदवही बाजूला काढली, तर उरत काय होते? एक माणूस सार्वजनिक वाटेने चालत गेला, एवढेच. पालांच्या झडतीत तितरांचे फासे, भांडी आणि गोधड्या यांखेरीज काही सापडले नव्हते. सोळा मेंढ्या एकट्याने लपवायच्या तरी कुठे? आधी उत्तर ठरवून मी गणित मांडत बसलो होतो.

मी त्याला बेड्यांसह जागेवर नेले.

वाघर आधी जिथे होती तिथे तो उकिडवा बसला आणि बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मग बोट दाखवीत बोलू लागला. "हे बाईचं पाऊल. ह्यो पंच, वहाण नवी हाय. ह्यो तुमचा बूट. तुमची टाच भायेरनं झिजलीया." मी खाली वाकून स्वतःचा बूट पाहिला. त्याचे म्हणणे खरे होते. मला ते आजवर माहीत नव्हते.

पुढे पन्नास-साठ पावलांवर तो थांबला. "टायरची वहाण. ह्यो मानूस फुडं हाय, मेंढरं मागं. हाकलल्या असत्या तर माती उडाली असती. दमानं गेल्यात. कायतरी दावत नेल्यात." आणखी थोडे पुढे जाऊन त्याने मातीतून बाभळीची चिरडलेली शेंग उचलली. आसपास कुठेही बाभूळ नव्हती. त्या शेंगांच्या मागावर तो आम्हाला ओढ्याच्या काठाने मुरमाच्या रस्त्यापर्यंत घेऊन गेला. तेथे तेलाचे थेंब होते, लेंड्या होत्या आणि मागच्या जोडचाकांचा ठसा होता. ठसा विट्याच्या दिशेला वळला होता.

याच जागेवर मी दोन दिवसांपूर्वी तासभर पंचनामा केला होता. मी पाहिली होती ती नुसती जमीन. त्याच्यासमोर ती पानासारखी उलगडत होती. मी शिकलेला होतो, तो अंगठेबहाद्दर होता. आणि त्या ठिकाणी निरक्षर कोण, याविषयी मला शंका उरली नाही.

रस्त्यावरच्या चहावाल्याने मेंढ्या भरलेला टेम्पो पाहिला होता. दुसऱ्या दिवशी विट्याच्या पुढे जनावरांचा बाजार होता. सांगली जिल्ह्यातल्या तिथल्या ठाण्याला कळवून आम्ही निघालो. कोठडीतला माणूस आमच्यासोबत होता. बाईने आपली चौदा कोकरेही घेतली. "त्यास्नी मागं ठिवून मी यायची न्हाई," असे तिने बजावले, म्हणून वेगळी गाडी करावी लागली.

बाजारात एका व्यापाऱ्याकडे नुकतीच लोकर कातरलेली तीसेक मेंढरे होती. हिरवा पट्टा लोकरीबरोबर गेला होता. व्यापाऱ्याने खरेदीची पावती पुढे केली. बाई मेंढरांत शिरली आणि एकेकीच्या कपाळावर हात ठेवू लागली. "ही माझी. ही माझी. ही न्हवं. ही माझी."

"आवं बाई, मेंढरं समदी सारखीच," व्यापारी हसून म्हणाला. "उद्या म्हनाल, फौजदारसायेबबी माजंच."

"ह्यांच्या कासा दुधानं फुटाय लागल्यात. पिल्लं कुठायत ह्यांची?"

"इकली."

मी अडचणीत होतो. एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला बाईचा शब्द. मनातून मला कागदच अधिक खरा वाटत होता, हे मी कबूल करतो. बाईच्या ते लक्षात आले असावे. "सायेब, माजं ऐकू नगा," ती म्हणाली. "पिल्लं सोडा."

मी दोन पंच बोलावले. मेंढरे एका कोपऱ्यात, कोकरे पन्नास पावलांवर. एका वेळी एकच कोकरू सोडायचे, कोणी हाकायचे नाही, कोणी आवाज द्यायचा नाही, असे ठरवून दिले.

पहिले कोकरू सुटले. ते अडखळत चार पावले गेले, थांबले, ओरडले. तीस मेंढरांतून एकच मान वर झाली आणि एकाच गळ्यातून उत्तर आले. कोकरू सरळ तिकडे धावले. वाटेत दुसऱ्या मेंढ्यांच्या पोटाखालून गेले, पण कुठे थांबले नाही. मेंढीने त्याची शेपटी हुंगली आणि त्याला पाजू लागली. दुसरे सुटले, तिसरे सुटले. बाजाराचा गलका हळूहळू थांबला. माणसे गाड्यांवर चढून पाहू लागली. चौदा कोकरे चौदा मेंढ्यांकडे गेली. एकही चुकले नाही. ज्यांच्या कपाळावर बाईने हात ठेवला होता, त्यांतल्याच त्या चौदा होत्या.

दोन मेंढ्या राहिल्या. त्या प्रत्येक कोकरापाशी जात, हुंगत आणि मान फिरवून पुढच्याकडे जात. बाईने त्यांच्याकडे बोट दाखवले. "ह्यांची मेली, सायेब." व्यापाऱ्याने पावती घडी करून खिशात घातली आणि मेंढ्या आणून देणाऱ्या दोघांची नावे सांगितली. संध्याकाळपर्यंत दोघेही ताब्यात आले. त्यांतल्या एकाच्या पायात टायरची वहाण होती.

मी आमच्या माणसाच्या बेड्या तिथेच काढल्या. त्याच्या सुटकेचा अहवाल दुसऱ्या दिवशी न्यायालयात गेला आणि मंजूर झाला. पालांना कोणी हात लावू नये, असे मी स्वतः गावात जाऊन सांगितले.

बाजारातून निघण्यापूर्वी बाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "मी तुला लय वंगाळ बोलले, भाऊ."

"ऐकलं की," तो म्हणाला. "माजा पणजाबी निघाला त्यात. त्यो मला ठावं न्हवता."

बाई तोंडाला पदर लावून हसली. मग तिने फडक्यातली भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

पुढे नवीन फौजदार माझ्या हाताखाली आले, तेव्हा त्यांना मी एक सवय लावण्याचा प्रयत्न केला. संशयितावर बोट ठेवण्याआधी एका कागदावर लिहायचे : माझा अंदाज चुकीचा असेल, तर मला काय दिसायला हवे? आणि ते मुद्दाम शोधायला जायचे. या सवयीने कधी तपास लांबला. परंतु काही माणसे घरी राहिली. वाचकांनाही आपापल्या कामात ती उपयोगी पडेल असे वाटते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सवयीने शिकवता येत नाही. परतीच्या वाटेवर मी त्या माणसाला विचारले, "आम्ही तुला चोर ठरवले. तरी तू आम्हाला वाट दाखवायला इतका झटलास, तो केवळ सुटण्यासाठी का?"

तो म्हणाला, "सुटायचं व्हतंच. पर तितं गेलो तवा पिल्लं वरडत व्हती. तुमाला आयकू आली न्हाईत का?"

मला ऐकू आली होती. पहिल्या दिवशी, पंचनामा लिहिताना लक्ष विचलित होते म्हणून, वाघर लांब सरकवायला मीच सांगितले होते.