सुटायचा भोंगा

आमच्या शेजारच्या भोंगाकाकांचा फोन कधी साधा वाजला नाही. तो "ऊंऽऽऽ" असा घसा फोडून ओरडायचा, आणि तो घसा खुद्द काकांचा होता. फोन हातात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी गॅलरीत उभं राहून, छातीभर श्वास घेऊन, कारखान्याचा भोंगा तोंडाने वाजवला आणि रेकॉर्ड केला. खालच्या मजल्यावरच्यांना वाटलं, काका पडले. सगळी बिल्डिंग धावत वर आली, तेव्हा हे गृहस्थ फोन कानाला लावून मोठ्या समाधानाने स्वतःलाच ऐकत होते.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते टाइम ऑफिसला होते. भोंग्याचं बटण त्यांच्या टेबलाशेजारी. सगळी नोकरी त्यांनी माणसांना कामावर बोलावण्यात आणि घरी सोडण्यात काढली. ते निवृत्त झाले, पुढे कारखानाही गेला आणि तिथे काचेची ऑफिसं आली. डोंबिवलीच्या घरात काका नुसते या खोलीतून त्या खोलीत फिरायचे. काकू म्हणायच्या, "यांच्या दिवसाला शेंडाबुडखा राहिला नाही गं." मग जावयाने स्मार्टफोन दिला, त्यात चार ॲप टाकून दिली आणि काका पुन्हा ड्युटीवर रुजू झाले.

पाणी प्यायची आठवण करणारं ॲप, चालायला लावणारं ॲप, श्वास घ्यायला शिकवणारं ॲप. प्रत्येकाला भोंगा एकच. पाण्याचा भोंगा झाला की काका पेला घेऊन दारात उभे, आणि त्या वेळी जिन्यात जो कोणी सापडेल त्यालाही पेला. कुरिअरवाला, गॅसवाला, कुणाची सुटका नाही. "तहान नाही हो काका," म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "तहान लागल्यावर कोण सांगेल? लागायच्या आधी सांगतं म्हणून तर ॲप." श्वासाच्या ॲपमध्ये एक बाई फार गोड आवाजात डोळे मिटायला सांगायची आणि काका लगेच मिटायचे. हे काकूंना अजिबात खपायचं नाही. "मी झोपा म्हटलं की क्रिकेट बघतात. ती बाई म्हणाली की लगेच डोळे मिटतात," हे त्या स्वयंपाकघरातून आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने बोलायच्या.

पण काकांचं सगळ्यात लाडकं होतं ते चेहऱ्यांचं ॲप. त्यात एका ओळीत पाच चेहरे, खदखदून हसणाऱ्यापासून ढसाढसा रडणाऱ्यापर्यंत, आणि रोज त्यातला आपला निवडायचा. काका स्वतःचा निवडून थांबले असते तर ते भोंगाकाका कसले. भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना भेटेल त्याला विचारायचे, "आज कुठला?" सुरुवातीला लोक टाळायचे. नंतर नंतर लोक आपणहून सांगायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या, कुणाशी न बोलणाऱ्या बाईसुद्धा एकदा म्हणाल्या, "मधला," आणि जाता जाता चक्क हसल्या.

मी तेव्हा सी.ए.च्या फायनलला एकदा आपटले होते. दुसऱ्यांदा बसायचं होतं आणि माझा दिवस फोनमध्ये कुठे जायचा ते मलाच कळायचं नाही. आई रडकुंडीला आली आणि तिने सरळ काकांकडे तक्रार केली. काका संध्याकाळी आले ते फोन पुढे धरूनच. "मनू, हे झाडाचं ॲप. झाड लावायचं आणि फोन ठेवून द्यायचा. मध्ये फोनला हात लावलास की झाड वाळलं." मी म्हटलं, "काका, माझी रोज वाळतील." ते म्हणाले, "म्हणून तर दोघांनी मिळून लावायचं. तू हात लावलास तर माझंही मरेल. मग बघू तुझा हात कसा उठतो."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर माझी पुस्तकं आली. समोर ते पेपर घेऊन बसायचे. दोन्ही फोन टेबलाच्या मधोमध. बसण्याआधी काका तोंडाने भोंगा द्यायचे आणि शिफ्ट सुरू व्हायची. एकदा मी विचारलं, "आणि सुटायचा भोंगा कधी?" तर म्हणाले, "तो तू पास झाल्यावर. काम व्हायच्या आत सुटायचा भोंगा देणारा माणूस नाही मी."

त्याच दिवसांत त्यांची मुलगी बाळंतपणाला ठाण्याच्या हॉस्पिटलात होती. काकू तिथेच होत्या. आमचं झाड अर्धं वाढलेलं आणि काकांचा फोन ओरडायला लागला. पडद्यावर जावयाचं नाव. मी म्हटलं, "काका, घ्या ना." काकांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. फोन त्यांच्याच आवाजात बोंबलतोय आणि हे ढिम्म. "अहो काका, ताईची बातमी असेल." तर म्हणतात, "तिथे काकू आहे, डॉक्टर आहेत. मूल आलं असेल तर आलंय, ते काही परत जात नाही. माझ्या हाताने तुझं झाड मरायला नको." झाड पुरं झालं तेव्हा त्यांनी फोन केला, "मुलगी? बरं, बरं," एवढंच बोलले आणि टॉवेल शोधायला आत गेले. बराच वेळ आले नाहीत. काकूंनी पुढे हे गावभर केलं. बारशाला येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, "इकडे नात झाली आणि आजोबा तिकडे झाडाची राखण करत बसले होते."

एवढं करून मी त्या वेळीही नापास झाले. जिन्यात काकांना चुकवायचा फार प्रयत्न केला, पण ते बरोबर समोर आले. "आज कुठला?" मी त्यांच्या फोनवरच्या रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. त्यांनी तो नोंदवला. मग म्हणाले, "ॲपवाल्याने हा चेहरा ठेवलाय ना? म्हणजे लागतो तो माणसाला. लाज कसली त्यात. उद्या शिफ्टला ये." मला त्या दिवशी जो धीर आला तो अजून पुरतोय.

मग आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. काका-काकू मुलीकडे कोपरीला राहायला गेले, आम्ही भाड्याने दिवा गावात. सामानाच्या टेम्पोपाशी काकांनी मला फक्त एवढंच सांगितलं, "झाड लांबूनही लावता येतं. बघून ठेवलंय मी." आणि खरंच, रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर त्यांचा भोंगा यायचा. मी दिव्याच्या घरात, ते कोपरीत, आणि आमचं झाड मध्येच कुठेतरी वाढायचं. एकदा त्यांनी पाण्याचा भोंगा पाठवला तेव्हा मी कळवलं की नळ कालपासून कोरडा आहे. दुसऱ्या दिवशी काका पाण्याच्या बाटल्यांची पिशवी घेऊन दारात हजर. म्हणाले, "ॲपला काय माहीत, दिव्यात नळाला पाणी नसतं. आपल्याला माहीत आहे ना."

तिसऱ्या वेळचा निकाल दुपारी लागला. मी नंबर टाकला, पान उघडलं, पुन्हा बंद करून पुन्हा उघडलं. आई देवापाशी धावली. मी पहिला फोन काकांना लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आई म्हणाली, "अगं, काकूंना लाव." तेवढ्यात मला ॲपमध्ये त्यांचं झाड दिसलं, हळूहळू वाढणारं. मी म्हटलं, "थांब आई. झाड लागलंय त्यांचं." आणि हसत आणि रडत बसून राहिले.

झाड पुरं झालं तसा त्यांचाच फोन आला. "मनू, तुझा निकाल म्हणून सकाळपासून सारखा हात फोनकडे जात होता गं. काकू म्हणाली, पोरीला छळू नका, त्यापेक्षा झाड लावा. म्हणून लावलं. बोल. आज कुठला?"

मी म्हटलं, "पहिला, काका. पास झाले."

पलीकडे काकांनी छातीभर श्वास घेतलेला ऐकू आला आणि भोंगा सुरू झाला. रोजच्यापेक्षा लांब, शेवटी खाली उतरत जाणारा, मी कधीच न ऐकलेला. मागून काकू ओरडत होत्या, "अहो, पोर झोपलंय." पोर उठलंच, रडायलाही लागलं, पण काका थांबले नाहीत. दम संपला तेव्हा धापा टाकत म्हणाले, "सुटलीस बाळ. जा आता. घरी जा."

मी घरीच होते. तरी उठले आणि पुस्तकं आवरायला लागले.