खाऱ्या पाण्यातला हात

आमच्या धुळ्याच्या घरात देवघर नव्हतं, पत्रकांचे गठ्ठे होते. नाना, म्हणजे माझे वडील, शाळेत शिकवायचे आणि सुटीच्या दिवशी गावोगाव फिरून भगतांविरुद्ध, भुताखेतांविरुद्ध पत्रकं वाटायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांच्या घड्या घालता घालता. पिंपळनेरकडच्या एका वाडीत हात लावला की अंगात झिणझिण्या आणणारा दगड होता. लोक त्याच्यापुढे नारळ फोडायचे. नानांनी त्याच्यामागे मातीत गेलेली, सोललेली विहिरीच्या मोटारीची वायर शोधून काढली आणि पत्रक छापलं. चमत्काराला हात लावण्याआधी टेस्टर लावा, एवढंच त्याचं सांगणं होतं. कॉलेजात जाईपर्यंत माझ्या पिशवीत टेस्टर असायचा. मैत्रिणी हसायच्या, मला अभिमान वाटायचा.

जळगावच्या मावशीला एकच मुलगा. मी त्याला दादा म्हणायची. तो बोटीवर नोकरीला होता आणि दरवर्षी रजा घेऊन अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी यायचा. एका रजेत त्याने बैठकीच्या खोलीत काचेची मोठी टाकी बसवली आणि तीत समुद्राचे मासे सोडले. समुद्र कुठे, जळगाव कुठे! त्याच्या ओळखीचा एक ट्रकवाला सुरतेकडून कॅन भरभरून खारं पाणी आणायचा. गल्लीतले लोक मासे बघायला यायचे, आणि कुणी बघत नाहीसं पाहून बोट बुडवून चाटून बघायचे, खरंच खारट आहे का.

दादाने मावशीला एक गोष्ट शिकवली. पाणी आटलं की वरून गोडं पाणी घालायचं, कारण पाणी उडतं, मीठ उडत नाही. दोन गोष्टी मात्र तो स्वतःच करायचा. टाकीच्या पत्र्याच्या झाकणात ट्यूबलाइट होती. तिची वायर तो आधी पार खाली लोंबती सोडायचा आणि मग वर बोर्डात न्यायचा, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब बोर्डात न शिरता जमिनीवर पडतो. आणि उन्हाळ्यात रोज संध्याकाळी तो अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचा. आमची काळी जमीन चैत्र-वैशाखात हात जाईल एवढी भेगाळते. मग पुरलेली प्लेट मातीला धरत नाही, आणि कुठे गळती झाली तर करंटला जमिनीत जायला वाट उरत नाही. मावशी त्याची थट्टा करायची. ना झाड ना रोप, आणि माझा लेक मातीला पाणी पाजतो, असं शेजारणींना सांगायची.

नंतर एके दिवशी बोटीवरून निरोप आला, तो बेपत्ता असल्याचा. पाण्यात पडला असावा. देह मिळाला नाही. मावशीने बेपत्ता हा शब्द घट्ट धरून ठेवला. तिने फोटोला हार घालू दिला नाही, दिवस करू दिले नाहीत. आमच्याकडे अखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, शेजारी सांजोऱ्या आणि आंबे. ज्याची घागर भरली तो गेला, यात मग शंका उरत नाही. पहिल्या अखाजीला तिने दादाची घागर भरली नाही. टाकी मात्र ती जिवापाड सांभाळत होती.

पुढच्या वर्षी अखाजीच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेले. मी पाय धुऊन आत येते न येते तोच मावशीने मला हाताला धरून टाकीपाशी नेलं. ती माहेरची, साक्रीकडची अहिराणीच बोलायची.

"चपला काढ," ती म्हणाली. "मना पोऱ्या शे तठे."

तिचा मुलगा तिथे, पाण्यात होता म्हणे. मी चपला काढल्या. पाय ओलेच होते. टेस्टर पिशवीत राहिला आणि मी पाण्यात हात घातला. मनगटाला काहीतरी लागलं. धरून सोडल्यासारखं, पुन्हा धरल्यासारखं. लहानपणी गर्दीत दादा मनगटच धरायचा, बोटं नाही. वैशाखाच्या भर दुपारी माझ्या पाठीवरून गार काटा सरकला. त्या क्षणाला मला एकही पत्रक आठवलं नाही.

मग मी टेस्टर काढून पाण्याला लावला. आतला दिवा पेटला. झाकणाच्या कडांवर, ट्यूबच्या होल्डरवर, वायरीवर मिठाचे पांढरे पापुद्रे चढले होते. मावशीचे यजमान, म्हणजे आबा, टापटिपीचे. लोंबती वायर डोळ्यांत खुपते म्हणून त्यांनी ती ताणून खिळ्यांनी भिंतीला बसवली होती. आता खारं पाणी वायरीवरून थेट बोर्डाकडे जात होतं. अंगणातला खड्डा कोरडा ठणठणीत होता. ते काम दादाचं, म्हणून त्याच्यामागे कुणी हात लावला नव्हता.

मी मावशीला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि हसत होती. हात उन्हाळ्यातच लागतो, म्हणाली, पाऊस लागला की जातो. त्याची रजाही उन्हाळ्यातच असायची. मी म्हटलं, पावसात जमीन ओली होते म्हणून. ती म्हणाली, आबांना तो कधी लागत नाही, ते चपला घालून हात घालतात, चपला घालून कोण कुणाला भेटतं?

"बठ्ठा मासा जित्ता शेतस," ती शेवटी टाकीतल्या जिवंत माशांकडे बोट करून म्हणाली. "मंग करंट कशाना?"

"तारवर चिडी बसस, ती मरस का?" मी विचारलं. "ती जमिनीला टेकत नाही मावशी, तू टेकतेस."

आबा दाराशी उभे होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले की एवढी एक गोष्ट तिला राहू दे, हा हात लागायला लागल्यावरच ती जेवायला लागली आहे. मला राग आला. श्रद्धा ज्याची त्याची असेल, करंट ज्याचा त्याचा नसतो. आज झिणझिण्या आहेत. उद्या मिठाने वायर आणखी खाल्ली की तेच पाणी तिला धरून ठेवेल आणि सोडणार नाही. आबांनी मान हलवली, पण प्लग काढू दिला नाही.

अखाजीच्या दिवशी मावशी न्हाऊन आली. केसांतून पाणी गळत होतं, पाय ओले, फरशी नुकती पुसलेली. तिच्या हातात पितळी तांब्या होता. घागर भरायची नव्हती. दादाच्या टाकीतलं थोडं पाणी घेऊन ती स्वतःच्या कपाळाला लावणार होती, सणाचा त्याचा आशीर्वाद म्हणून. ती टाकीकडे निघालेली दिसली आणि मी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

पंखा थांबला. टाकीतले बुडबुडे थांबले. बाहेर झोक्यावरच्या पोरींची गाणी एकदम जवळ आल्यासारखी ऐकू यायला लागली. मावशीने हात पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. मग तिने दुसरा हात घातला, कोपरापर्यंत. निळा मासा तिच्या बोटांमधून निघून गेला. ती पाण्यात बोटं पसरून शोधत राहिली, फडताळात हरवलेली वस्तू शोधावी तशी.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "एकदाव लाव."

मी स्विचपाशी उभी होते. आबा माझ्याकडे बघत होते. मी स्विच लावला नाही. आजही लावणार नाही. पण तो शब्द नानांच्या कुठल्याच पत्रकात नव्हता.

खूप वेळाने तिने हात बाहेर काढले, पदराला पुसले. आबांना म्हणाली, डांगर चिरू नका, अख्खं लागेल. मग कोपऱ्यातली कोरी घागर उचलून तिने ती माठातल्या गोड्या पाण्याने भरली, वर डांगर ठेवलं आणि दादाच्या फोटोखाली नेऊन मांडली. कुणी रडलं नाही.

संध्याकाळी वायरमन आला. त्याने होल्डर आणि वायर बदलली, खिळे उपटले, वायर पुन्हा लोंबती सोडली. मी अंगणात खड्ड्यात पाणी ओतत होते. पहिली बादली गटगट आवाज करत भेगांत नाहीशी झाली. मावशी मागे येऊन उभी राहिली. तिने माझ्या हातातून बादली घेतली.

तेव्हापासून उन्हाळ्यात तीच पाणी घालते. मी कधी संध्याकाळी तिच्याकडे असले तर मला दिसतं, खड्ड्यापाशी जाताना ती चपला पायरीवर काढून ठेवते. ओतून झालं की ओल्या मातीवर थोडा वेळ अनवाणी उभी राहते. आता तिथे काही लागत नाही, मी टेस्टरने पाहिलं आहे. तरी ती उभी राहते, आणि ती परत फिरेपर्यंत मला आत जाता येत नाही.