आर. एन. अण्णांचा सत्कार

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते आणि घर सोलापुरात. मी तिथे नेमकं काय करते, हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता येत नाही, त्यात मीही आले. आप्पा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. ते सगळ्यांना एकच सांगतात, "पोरगी मेंदूचं बघती." तेवढ्यावर पेठेत मी डॉक्टरीण झाले. सुट्टीला गेले की कुणी ना कुणी डोकं धरून ओट्यावर बसलेलं असतंच.

मध्यंतरी एका उन्हाळ्यात आप्पांच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष घरी आले.

"म्याडम, मंडळात तुमचं एक भाषण पायजे. आमच्यातल्या निम्म्यांचं हात थरथरत्यात, आन् निम्म्यांना चष्मा कुटं ठेवला ते आठवत न्हाई."

मी हो म्हटलं. त्यांनी विषय विचारला, तर मी सांगितलं, "मेंदूचे आजार आणि नॉनकोडिंग आरएनए."

"व्हय व्हय, आलं ध्यानात," म्हणत त्यांनी बसल्या जागेवरून बॅनरवाल्याला फोन लावला आणि समोरच्याला बहिरा समजून विषय सांगितला. मी आत चहा टाकत होते. जे व्हायचं ते तेवढ्यात झालं.

भाषणाच्या दिवशी संध्याकाळी मी आणि आप्पा मंडळाच्या हॉलवर पोचलो, तर दारात हलगी वाजत होती. मला वाटलं शेजारी लग्न आहे. मग बॅनर दिसला. 'मेंदूचे आजार व नॉनकोडिंग मा. आर. एन. अण्णा. आपले सहर्ष स्वागत!' खाली कोपऱ्यात तिकिटाएवढी मी. मधोमध मोठ्या गोलात अण्णांचा फोटो मिळाला नाही म्हणून जोडलेले दोन हात छापले होते.

आमच्या भागात दर दोन घरांआड एक अण्णा आहे. त्यामुळे कुणाला शंकाही आली नव्हती. उलट ज्यांनी मेंदूच्या भाषणासाठी दुपारची झोप मोडली नसती, असे लोकसुद्धा अण्णांसाठी आले होते. पुढे एक लाल सोफा रिकामा ठेवला होता. शाल होती, नारळ होता, आणि फेटा बांधणारा माणूस काखेत कापड धरून उभा होता.

"अण्णा कुटवर आल्यात?" अध्यक्षांनी मलाच विचारलं.

मी त्यांना बाजूला घेतलं. "अहो, अण्णा नाहीच आहेत."

"म्हंजे? येणार न्हाईत?"

"येणार कुठून? तो माणूस नाही. तो आपल्या प्रत्येकाच्या आत असतो. आत्ता तुमच्याही आत आहे."

अध्यक्षांचा आवाज एकदम मऊ झाला. "म्याडम, ऊन लागलं का? लिंबू सरबत सांगू?"

मग मी बॅनर दाखवून काय घोटाळा झालाय ते समजावलं. त्यांनी लगेच बॅनरवाल्याला फोन लावला. तिकडून ठणकावून उत्तर आलं, ते मलाही ऐकू आलं, "आपने जो बोले वोइच छापा मैं!"

"आता लोकांना सांगू नका," अध्यक्ष घाम पुसत म्हणाले. "हलगीवाल्यांना अक्कलकोटच्या वाटेवरनं वळवून आणलंय."

पण मला खोटं बोलवेना. माईक हातात आल्यावर मी पहिलंच वाक्य स्पष्ट उच्चारलं, "मंडळी, अण्णा हा माणूस नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "देवमाणूस हाय!" आणि हॉलभर टाळ्या.

मी आणखी एकदा प्रयत्न केला. "ते आपल्याला डोळ्यांनी दिसत नाहीत, पण प्रत्येक पेशीत आहेत." यावर पुढच्या रांगेतल्या एक-दोघांनी हात जोडले. तेव्हा मी हात टेकले. म्हटलं, जाऊ दे, आज अण्णा तर अण्णा.

समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांचं आयुष्य चादरीच्या मागावर गेलेलं. म्हणून मी त्यांच्याच भाषेत सुरुवात केली. पेशी म्हणजे कारखाना. चादरीचं मूळ डिझाइन कपाटात कुलूपबंद असतं, तो डीएनए. त्याची एक प्रत निघते आणि मागावर जाते, तोही एक आरएनएच, पण निरोप्या. त्या प्रतीवरून विणलेली चादर म्हणजे प्रथिन.

"मग अण्णा काय करत्यात?" दुसऱ्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या. त्या तरुणपणी मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या कामाला होत्या, आणि शेजारी त्यांचे यजमान पेंगत होते.

"अण्णा स्वतः एक धागाही विणत नाहीत," मी म्हटलं. "म्हणून तर त्यांना नॉनकोडिंग म्हणतात. ते त्या प्रतीला जाऊन चिकटतात. चिकटले की प्रत मागावर चालत नाही, नाहीतर फाटूनच जाते. म्हणजे विणकाम कमी होतं."

"म्हंजे काम काय करायचं न्हाई, नुसतं दुसऱ्याला बास बास म्हणायचं?"

"साधारण तसंच."

आजींनी यजमानांना कोपराने ढोसलं. "उटा. तुमच्यावर भाषण चाललंय."

हॉल हसून बेजार झाला. मी सांगितलं की शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं वाटत होतं, डीएनएच्या ज्या भागातून प्रथिन बनत नाही तो बहुतेक भाग भंगारच. "मला बी तसंच वाटलं हुतं की, लगीन झाल्यावर," आजी म्हणाल्या. यजमान आता पूर्ण जागे झाले होते आणि अण्णांच्या बाजूने बोलायला उभे राहू बघत होते. त्यांना कसंबसं बसवलं.

मग मी कंपवाताकडे आले. मेंदूत एक प्रथिन असतं, बेताचं असेल तर कामाचं. पण जास्त झालं की त्याच्या गुठळ्या होतात. त्याला आवर घालणारे जे अण्णा आहेत, त्यांच्यातले काही या आजारात कमी पडलेले दिसतात. "बास म्हणणारं कुणी नसलं की चादरी विणल्याच जातात. मागांमधे, वाटेत, दारात नुसत्या थप्प्या. शेवटी कारखानाच बंद पडतो. मग हात थरथरतो, पाय उचलत नाही." सगळा दोष अण्णांचा नाही, इतरही कारणं आहेत, हेही सांगितलं.

"मग अण्णांना सुईतनं आत सोडा की," एकांनी सुचवलं.

"तेच चाललंय सगळीकडे. पण बाहेरून सोडलेला आरएनए वाटेतच मोडतो. मेंदूपर्यंत पोचवणं फार अवघड आहे."

"मंगळवेढ्याच्या शेवटच्या एसटीसारखं," असा आवाज आला. आवाज आप्पांचा होता.

आप्पांना कंपवात आहे. डावा हात थरथरतो. तो हात ते चारचौघांत खिशात घालून बसायचे. मंडळातल्या लोकांना त्यांनी काही सांगितलं नव्हतं आणि घरी त्यावर बोललेलं त्यांना चालत नसे. आता ते उठून उभे होते, हात बाहेर, सगळ्यांसमोर.

"बाई, एक इचारतो. माझ्यातलं अण्णा गेलं असतील, तर परत येतील का?"

"आज सांगता येत नाही, आप्पा. तोवर डॉक्टरांची गोळी चुकवायची नाही."

"ते ठीक हाय," आप्पा म्हणाले आणि अध्यक्षांकडे वळले. "मग त्यांचा फेटा वाया कशाला घालवता? मलाच बांदा. रिकामी जागा माझ्यातच हाय."

अध्यक्षांना तेच हवं होतं. आप्पांना लाल सोफ्यावर बसवलं. फेटेवाला पहिला पेच देतो न देतो तोच म्हणाला, "काका, हलू नका की वो."

"मी कुटं हलतोय? ते आपोआप हलतंय."

फेटा थोडा तिरका बसला. हलगीवाल्यांनी इतका वेळ दाबून धरलेली हौस एकदम मोकळी केली. आप्पांनी तोच हात वर करून सगळ्यांना दाखवला. हलगीला एक ताल, हाताला दुसराच. पुढच्या रांगेतून आणखी दोन थरथरते हात वर आले, त्यातल्या एकाचं तर आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मी माईक धरून उभी, हसू आणि रडू एकाच वेळी येत होतं, आणि माईक चालू असल्यामुळे ते दोन्ही हॉलभर ऐकू गेलं.

आता आप्पा दर आठवड्याला मंडळात जातात आणि नव्या लोकांना अण्णांबद्दल सांगतात. त्यातलं बरंचसं चुकीचं असतं. परवा फोनवर ऐकलं, तर अण्णा म्हणे कानडीही बोलतात आणि त्यांना तिखट चालत नाही. मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय. शेवटी आप्पा प्रत्येकाला विचारतात, "आज गोळी घेतली का?" आणि समोरचा हो म्हणेपर्यंत त्याला उठू देत नाहीत.