गोबऱ्याला ढील दिली

जावई म्हणाला, सातपूरची नोकरी सोडतो आणि केळव्याला बापाची होडी चालवतो. बापाचे गुडघे गेलेत, होडी वाळूवर पडून आहे. म्हटलं, आणि माझ्या पोरीनं रोज समुद्राकडं डोळे लावून बसायचं? नाय. मनीषा म्हणाली, "आई, एकदा त्याच्या होडीत बसून ये. मग नाय म्हण, आम्ही ऐकू." मी नाय म्हणायलाच निघाले.

नाशिकहून पालघरची एसटी त्र्यंबक, जव्हारवरून जाते. बायांना अर्धं तिकीट, उगाच गाडी करू नका. घाटात वळणं लय, गाडी लागत असेल तर मागं बसू नका. जव्हारला भजी मागवाल तर आधी ड्रायव्हर कुठंय ते बघा. माझी कढईत होती तेवढ्यात त्यानं हॉर्न मारला. पालघरहून केळव्याला रिक्षा मिळते. व्याह्यांकडं रात्री बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी जेवलो. जेवण चांगलं होतं. माझं मत तेच होतं.

उजाडताच नितीन, म्हणजे जावई, मला घेऊन निघाला. मनीषा किनाऱ्यावर थांबली. तुम्ही गेलात तर लाइफ जॅकेट मागून घ्या आणि साडीचा नाद सोडा, ड्रेस घाला. मी साडीत गेले, गुडघ्यापर्यंत भिजले.

गोबरा मासा खडकाच्या बिळात राहतो. त्याला खेकडा आवडतो. नितीननं खडकापासून थोडं लांब नांगर टाकला, गळाला खेकडा लावला आणि दोर माझ्या हातात दिला. बराच वेळ काही नाही. होडी नुसती खालीवर.

मग दोराला हिसका बसला. माझं माहेर येवल्याचं. संक्रांतीला गच्चीवर मी भावांचे पतंग कापलेत. हिसका बसला की हात आपोआप ढील देतो. मी दिली.

"आई, ढील नको! ओढा! बिळात जाईल!"

गेलाच. दोर गच्च अडकला.

"हे कुठं शिकलात?"

"येवल्याला."

"येवल्याला समुद्र हाय का?"

"गप बस, ओढू दे मला!"

तेवढ्यात वारा फिरला. होडी नांगराभोवती वळत खडकाकडं जायला लागली. पाणी खडकावर फुटत होतं. नितीन म्हणाला, "आई, दोर सोडा, निघायचं."

"माझा मासा हाय तो!"

त्यानं वाद घातला नाही. कमरेची सुरी काढली आणि माझ्या हातातला दोर कापला. मला असा राग आला! तोवर तो नांगर ओढत होता. एकदा ओढला, परत ओढला. येईना. नांगर त्याच्या बापाचा, बापानंच घडवून घेतलेला. नितीननं मागंपुढं बघितलं नाही. दोरखंड कापला, इंजिन सुरू केलं. खडक इतका जवळून गेला की त्याच्यावरचे शिंपले दिसले. मी मासा विसरून होडीची कड धरली.

किनाऱ्यावर व्याही काठी टेकून उभे होते. मनीषा पाण्यात पुढं आली होती, माझ्याकडं न बघता आधी त्याच्याकडं बघत.

"नांगर रं?" व्याह्यांनी विचारलं.

"खडकात गेला."

"जाऊ दे. तू आला, बरं झालं." आणि वळून माझ्याकडं, "विहीणबाई, मासा?"

"बिळात बसलाय. निवांत."

दुपारी बाजारातून दुसऱ्याच कोणाचा गोबरा आणला. कालवण झकास झालं, मी दोनदा वाढून घेतलं.

परतीच्या एसटीत दोघं पुढच्या सीटवर बसली होती, मी मागं. घरी पोचलो. माझ्या तळहातावर दोराचा लाल वळ होता, त्याला हळद लावत होते. मनीषा दारात आली.

"आई, काय ठरलं?"

मी वळाकडं बघितलं. "जा," म्हटलं. "फक्त त्याची सुरी बोथट होऊ देऊ नको."